पहिला मजला, तिसरा मजला

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतल्यापासून मी सर्वांत जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर स्वतःचा पत्ता. स्कॉलरशिपचा फॉर्म, एक्झाम फॉर्म, हॉस्टेलचा फॉर्म, लायब्ररीचं कार्ड... प्रत्येकावर दोन रकाने ठरलेले. 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. सध्याच्यात रूम नंबर टाकायचा, कायमच्यात 'मु. पो.'पासून सुरू करून पिनकोडवर संपवायचं. डोकं चालवावं लागत नाही, त्यामुळे ते कधी चालवलंही नाही. मागच्या हिवाळ्यात एनएसएसच्या निमित्ताने हातात एक फॉर्म आला, त्यात 'कायमचा पत्ता' हा रकानाच नव्हता. त्याच्या जागी होतं, 'झोपण्याची जागा'. पुढे निवडायला पर्याय : फुटपाथ, पुलाखाली, स्टेशन, मंदिर परिसर, इतर.

फॉर्म महापालिकेचा होता. शहरातल्या बेघर माणसांचं रात्रीचं सर्वेक्षण करायचं होतं, माणसं कमी पडत होती, म्हणून कॉलेजला पत्र आलं. आमच्या प्रोग्रॅम ऑफिसर सरांनी क्लासवर येऊन विचारलं तेव्हा बारा जणांनी हात वर केले. त्यातल्या निम्म्यांना रात्री हॉस्टेलबाहेर राहायची अधिकृत परवानगी मिळतेय एवढंच कळलं होतं. रेक्टर सरांची सही असलेला नाइट-आउट म्हणजे काय चीज असते, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

आता थोडी आकडेमोड, कारण आपण पडलो इंजिनिअर. जनगणनेच्या हिशेबात झोपडपट्टीत राहणारा माणूस बेघर नसतो, त्याला घर आहे असंच धरतात. बेघर म्हणजे उघड्यावर राहणारा. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, फलाटावर आणि ह्यूम पाइपमध्ये. हो, जनगणनेच्या व्याख्येत ह्यूम पाइप असा शब्दच आहे. आपण ज्याचा डिस्चार्ज काढून पाच मार्क मिळवतो, तोच. २००१ च्या जनगणनेत देशात असे सुमारे १९.४३ लाख लोक होते, २०११ मध्ये १७.७३ लाख. म्हणजे कमी झाले. पण फक्त शहरांचा आकडा बघितला तर तो ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेला. २०११ ला महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख होते, उत्तर प्रदेशानंतर देशात दुसरा नंबर. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे अजून सगळे याच आकड्यांवर बोलतात. शिवाय ही मोजणी एका रात्रीत उरकतात. २०११ ला ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. त्या रात्री जो मालधक्क्यावर ट्रक खाली करत होता किंवा लग्नाच्या मांडवात भांडी घासत होता, तो कुणाला सापडला असेल, देव जाणे.

आमच्या गटाबरोबर समाज विकास विभागाच्या एक समूह संघटिका होत्या. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. नोकरी कंत्राटी, स्कूटी स्वतःची, पेट्रोल बहुतेक वेळा स्वतःचंच. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी आम्हाला तीन गोष्टी बजावल्या. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर टॉर्च मारायचा नाही. उभं राहून विचारायचं नाही, खाली बसायचं. आणि 'तुम्ही भीक मागता का' असं चुकूनही विचारायचं नाही, कारण १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे आणि वहीत काहीतरी लिहून घेणारी माणसं म्हणजे चेंबूरला पाठवणारी माणसं, अशी धास्ती या लोकांत आहे. (दिल्लीसाठी त्याच कायद्यातल्या भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केल्या. आपल्याकडे नाही.)

रात्री अकरा ते पहाटे चार आम्ही फिरलो. मंडई, एसटी स्टँड, स्टेशनचा मागचा रस्ता, उड्डाणपूल. माझी कल्पना होती की बेघर म्हणजे भिकारी, वेडे, दारुडे. फॉर्म भरत गेलो तसे 'व्यवसाय' या रकान्यात वेगळेच शब्द येत गेले : हमाल, केटरिंगमध्ये वाढपी, बिगारी, भंगार वेचणे, फुगे विकणे, रखवालदार. रखवालदार! दिवसभर दुसऱ्याच्या बिल्डिंगचं गेट सांभाळायचं आणि रात्री स्वतः फुटपाथवर. मंडईतल्या एका हमालकाकांना मी विचारलं, "काका, महापालिकेचा निवारा आहे ना, तिकडे का नाही जात?" काका पोत्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "साहेब, पालेभाजीच्या गाड्या येतात तीनला. निवारा इथनं सात किलोमीटर. अडीचला मला रिक्षा कोण देणार, तुम्ही?" माझ्या बॅचमेटने फॉर्मवर लिहिलं, 'निवाऱ्यात जाण्यास इच्छुक नाही'. ताईंनी ते वाचलं, खोडलं आणि लिहिलं, 'कामाच्या जागेजवळ निवारा हवा'. एवढ्या एका ओळीने त्या माणसाचा सगळा केस बदलला.

निवाऱ्यात आम्ही नंतर एका रविवारी दिवसा गेलो. कागदावर नियम चांगले आहेत. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्लीच्या महापालिकेने पुसा रोडवरचा तात्पुरता रात्रनिवारा हटवला. त्यानंतर तिथे उघड्यावर माणसं मेल्याच्या बातम्या आल्या आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने २०१० मध्ये आधी दिल्लीला, मग सगळ्या राज्यांना बजावलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा आणि तो बाराही महिने, चोवीस तास चालू हवा. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी केंद्राचा आणि राज्याचा पैसा येऊ लागला. एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, दर माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, असं सगळं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं होतं. मी सवयीने आमच्या रूमचा हिशेब केला. दहा बाय बाराची रूम, तिघं जण, दर माणशी ४० चौरस फूट. म्हणजे त्या नियमाने आमचं हॉस्टेल नापास! (संपादकांनी हे वाक्य कापू नये ही विनंती. रेक्टर सरांनी वाचावं हीच इच्छा आहे.)

निवारा स्वच्छ होता, पंखे चालू होते, जेवणही आमच्या मेसपेक्षा बरं. मग तिथल्या पलंगांपैकी बरेच रिकामे का? तर पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, आणि नवरा-बायको-पोरं अशी एकत्र राहतील असा निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला. हातगाडी आत घेत नाहीत आणि बाहेर ठेवली तर सकाळी मिळेल याची खात्री नाही. ज्याचं पोट हातगाडीवर आहे तो पलंगासाठी हातगाडी सोडेल का? आपण लॅपटॉप बाहेर व्हरांड्यात ठेवून झोपू का?

पण निवाऱ्याचा एक उपयोग मला आधी माहीत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो मला पलंगापेक्षा मोठा वाटला. तो म्हणजे पत्ता. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने दाखला दिला की त्यावर आधार निघू शकतं. आधार असलं की बँकेचं खातं, रेशन, सरकारी दवाखान्यातल्या योजना, पोरांची शाळा, अशी एकेक कडी जुळत जाते. आपल्याला ऑफिसमधून बोनाफाईड मिळतं ना, तसंच. फरक एवढाच की आपण बोनाफाईड बसपाससाठी घेतो आणि ते आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

उड्डाणपुलाखाली एक जोडपं होतं, दोन मुलं. मुळचे परभणीकडचे. बाई घरकाम करायच्या, नवरा रंगकाम. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'बेघर होण्यापूर्वी कुठे राहत होता?' मला वाटलं उत्तर येईल, गावाला. बाई म्हणाल्या, "इथंच की. नाल्याकडंला खोली होती भाड्याची. आठ वर्सं."

नाल्याचं रुंदीकरण झालं. आधी सर्व्हे झाला, घरांवर नंबर पडले, पात्र आणि अपात्र अशा दोन याद्या लागल्या. महाराष्ट्रात झोपडीधारकाला संरक्षण हवं असेल तर १ जानेवारी २००० च्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा लागतो. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर, असा नियम आला. यांच्याकडे ना तो पुरावा, ना हा. भाडेकरू माणूस, लाइटचं बिल मालकाच्या नावाचं. अपात्र! मालकाला लांब का होईना, पण खोली मिळाली. यांनी दुसरीकडे भाड्याने बघितली तर डिपॉझिट मागितलं वीस हजार. आठ दिवस नातेवाइकांकडे काढले, मग पुलाखाली आले. "आठ दिसांसाठी म्हनून आलो," बाई सांगत होत्या, "चवथा म्हयना चाललाय."

ताईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ती अपात्रांची यादी कुणाकडे असेल, सांग बघू?"

यादी महापालिकेकडेच होती. त्यांच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर, अतिक्रमण विभागात. समाज विकास विभाग तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्याला पाडकामाची तारीख माहीत होती, नावं माहीत होती, मोबाईल नंबरसुद्धा माहीत होते. तिसऱ्या मजल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्याने आम्हाला टॉर्च देऊन रात्री अकरा वाजता तीच माणसं शोधायला पाठवलं. मधला जिना चढायला कुणालाच सुचलं नाही. अतिक्रमणवाल्या साहेबांना ताईंनी एकदा विचारलं होतं म्हणे. उत्तर आलं, "मॅडम, अपात्र म्हणजे आमच्याकडून विषय संपला." म्हणजे यांचा विषय संपतो त्या दिवशी ताईंचा सुरू होतो!

माझा एक सिनिअर एमएससाठी इंग्लंडला आहे. त्याला व्हॉट्सॲपवर हे सगळं सांगितलं तर त्याने तिथलं सांगितलं. तिथे २०१७ चा एक कायदा आहे, २०१८ च्या एप्रिलपासून लागू. त्याप्रमाणे एखाद्याचं घर येत्या ५६ दिवसांत जाणार असं दिसलं की तिथल्या कौन्सिलवर कायद्याने जबाबदारी येते. त्या माणसाबरोबर बसून योजना करायची, शक्य तर ते घर टिकवायचं किंवा दुसरं शोधायला मदत करायची. म्हणजे माणूस रस्त्यावर यायच्या आधी. तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, तिथेही माणसं दुकानांच्या दारात झोपतात, आणि आपल्या सिनिअरसारख्या स्टुडंट व्हिसावाल्यांना तर सहसा हा हक्कच नाही. पण '५६ दिवस आधी' ही कल्पना मला फार आवडली. कारण आपल्याकडे पाडकामाची तारीख काही कमी आधी ठरत नाही. टेंडर निघतं, वर्क ऑर्डर निघते, बंदोबस्तासाठी पोलिसांना पत्र जातं. यादी फक्त दोन मजले वर न्यायची आहे.

तुम्ही म्हणाल, कोर्टात जाता येतं ना. तेही वाचलं. या विषयातला सर्वांत गाजलेला खटला आपल्या मुंबईचाच आहे. जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून गावी धाडायचं जाहीर केलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांचा निकाल आला १९८५ मध्ये, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, कारण माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही, काम जवळ असतं म्हणून, असं त्या निकालाने मान्य केलं. मंडईतले हमालकाका जे पोत्यावर पडल्या पडल्या बोलले, तेच! निकालाचा हा भाग सगळे सांगतात. दुसरा भाग कमी सांगितला जातो : फुटपाथवर कायम राहण्याचा हक्क मात्र कुणाला नाही, महापालिका हटवू शकते, फक्त एरवी आधी नोटीस द्यावी. आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबावं. हक्क मान्य झाला, घर गेलंच.

अगदी अलीकडे, १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या प्रकरणात निकाल दिला. पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी, व्हिडिओ शूटिंग, सगळं आलं. पेपरात वाचून मला वाटलं, चला, आता तरी! मग त्यातला अपवाद वाचला. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे नियम लागू नाहीत. रस्ते अडवू नयेत हे मलाही पटतं, मी ट्रॅफिक इंजिनिअरिंग शिकतो. पण फुटपाथ, रूळ आणि पाणवठ्याची कड सोडली तर ज्याच्याकडे पैसा नाही त्याने शहरात राहायला जागा उरते कुठली?

असो. मला कोर्टावर बोलायचा अधिकार नाही, माझा अजून एम-थ्री राहिलाय. पण पहिल्या मजल्याचा मला स्वतःला आलेला अनुभव सांगतो.

सर्वेक्षणानंतर साधारण महिन्याभराने, कुणीतरी मोठे पाहुणे शहरात येणार म्हणून उड्डाणपुलाखालची सफाई निघाली. अतिक्रमणची गाडी आली. बाई कामावर, नवरा कामावर, मोठी मुलगी शाळेत. हो, शाळेत, ताईंनी नाव घातलं होतं. लहान्याला घेऊन शेजारची आजी बसली होती. गाडीने गाठोडं उचलून नेलं. त्या गाठोड्यात स्वयंपाकाची भांडी, दोन गोधड्या आणि एक प्लास्टिकची पिशवी. पिशवीत नवऱ्याचं आधार, मुलीचा जन्माचा दाखला आणि निवाऱ्याच्या पत्त्यावर बाईंचं आधार निघावं म्हणून ताईंनी तिसऱ्या मजल्यावरून आणलेलं पत्र. महापालिकेचा शिक्का असलेलं पत्र, महापालिकेच्याच गाडीने उचललं.

ताईंनी फोन केला तेव्हा आमचं सबमिशन चालू होतं. तिघे जण गेलो. पहिल्या मजल्यावर सांगितलं, माल गोडाऊनला. गोडाऊनवर सांगितलं, पावती कुठाय? पावती कुणालाच दिली नव्हती. पुन्हा पहिला मजला. तिथे सांगितलं, दंड भरा मग सोडू. दंड कशाचा? 'रस्त्यावर साहित्य ठेवल्याबद्दल'. घर रस्त्यावर असेल तर साहित्य कुठे ठेवायचं, हे विचारायला माझा मित्र तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी त्याच्या पायावर पाय दिला. त्यांना त्या इमारतीत रोज यायचं असतं. शेवटी ताईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या मॅडमकडून पत्र आणलं, एका विभागाचं दुसऱ्या विभागाला पत्र, आवक-जावक नंबरसहित! मग गोडाऊनचं कुलूप उघडलं.

आत टपऱ्या, छत्र्या, वजनकाटे, उसाचे चरक, आणि एका कोपऱ्यात गाठोड्यांचा ढीग. प्रत्येक गाठोडं म्हणजे कुणाचंतरी घर, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. बाईंनी त्यांचं गाठोडं गोधडीच्या रंगावरून ओळखलं. भांडी होती, पिशवी होती. कागद भिजले होते, पण वाचता येत होते. ताईंच्या पत्राची शाई मात्र पसरली होती. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुसरं देते. आपल्याकडे पत्रांना काय तोटा?"

बाईंचं आधार आता निघालंय. कुटुंब अजून पुलाखालीच आहे, पण डिपॉझिटसाठी बँकेत पैसे टाकतात, कारण आता बँकेत खातं आहे. ताईंच्या मते वीस हजार ही रक्कम त्या कुटुंबाला रस्त्यावर आणायला पुरली, तर तेवढीच रक्कम वेळेवर उसनी मिळाली असती तर वाचवायलाही पुरली असती, आणि ती एका पलंगाच्या वर्षभराच्या खर्चापुढे काहीच नाही. पण निवाऱ्याच्या पलंगासाठी बजेटमध्ये लेखाशीर्ष आहे, डिपॉझिटसाठी नाही. पलंगाचं उद्घाटन करता येतं, फोटो काढता येतो. जो माणूस बेघर झालाच नाही त्याचा फोटो कसा काढणार?

पाहुणे येऊन गेल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी पहिल्या मजल्याला लेखी मागणी केली आहे, की पाडकामाच्या आधी अपात्रांच्या यादीची प्रत आम्हाला द्यावी. उत्तर अजून आलेलं नाही. दुसरी म्हणजे ताईंनी आम्हा सिव्हिलवाल्यांना कामाला लावलंय. मंडईजवळ महापालिकेची एक बंद पडलेली शाळा आहे, तळमजला आणि वर पाच खोल्या. तिथे निवारा करायचा असेल तर कुटुंबांसाठी पार्टिशन कुठे घालायचं, पहाटे अडीचला बाहेर पडणाऱ्यांसाठी दार कुठून ठेवायचं म्हणजे बाकीच्यांची झोप मोडणार नाही, आणि अंगणात हातगाड्या किती मावतील, याचा आराखडा आम्ही काढतोय. सरांनी तो मिनी प्रोजेक्ट म्हणून मंजूर केलाय. खोल्यांची मापं घेऊन झाली. येत्या शनिवारी पहाटे मंडईत जाऊन हातगाड्या मोजायच्या आहेत, कारण एक हातगाडी दुसरीच्या मापाची नसते. कुणाकडे पाच मीटरचा टेप असेल तर रूम नंबर २१४ मध्ये आणून द्यावा.